आंबलेलं तेल

“तेल जातंय कुठं, एवढंच मला सांग,” असं म्हणून यशोधराबाईंनी वही केतकीच्या पुढ्यात ठेवली.

शंभर पानी, रेघांची वही. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, अंगणातल्या सपाट फरशीवर गाडी उभी करून बाई पट्टी पुसून तेलाची पातळी मोजत आणि तारीख, किलोमीटर, पातळी असं ओळीनं लिहून ठेवत. बाई मुरगूडच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. अक्षर अजून फळ्यावरचं. गाडी जेमतेम चौदा महिन्यांची होती, आणि दर हजार किलोमीटरला तिच्यातलं अर्धा लिटर तेल कमी होत होतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं दोनदा ‘एवढं चालायचंच’ म्हणून परत पाठवलं होतं.

“खाली डाग पडतो का?” केतकीनं विचारलं.

“थेंब नाही. रोज पुठ्ठा घालून बघते.”

“धूर?”

“तोही नाही. केतकी, मला गाडीचं कौतुक नाही गं. यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला कोल्हापूरला आणावं लागतं. पंचेचाळीस किलोमीटर. वाटेत ही बंद पडली तर मी काय करू?”

केतकीनं त्यांना आठवडाभरासाठी आपली जुनी गाडी दिली आणि बाईंची गाडी ठेवून घेतली.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत केतकी चौगुलेचं गॅरेज होतं. दुसऱ्यांनी हात टेकलेली इंजिनं शेवटी तिच्याकडे यायची. वडिलांच्या काळापासूनचे दस्तगीर मिस्त्री अजून तिच्यासोबत होते. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण कान आणि नाक शाबूत.

२०३९ साली रस्त्यावर बहुतेक गाड्या अशाच होत्या. चाकं विजेच्या मोटारीनं फिरायची, आणि बॅटरी उतरली की ती भरण्यापुरतं एक छोटं इंजिन आपोआप सुरू व्हायचं. सात-आठ मिनिटं चालायचं, पुन्हा गप्प. इंधनात पंचाऐंशी टक्के उसाचं इथेनॉल. इंजिनातलं तेलसुद्धा खनिज राहिलं नव्हतं. कायद्यानं ते वनस्पतींपासून बनवलेलं, मातीत सांडलं तर कुजून जाणारं असावं लागायचं.

तेल इंजिनातून तीन वाटांनी जातं. बाहेर गळतं, आत जळतं, नाहीतर थंड करणाऱ्या पाण्यात मिसळतं. केतकीनं तिन्ही वाटा तपासल्या. तेलात चमकणारा रंग घालून जांभळ्या दिव्याखाली इंजिनाचा सांधा न् सांधा पाहिला. प्लग काढून आत बारीक कॅमेरा सोडला. सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यातले ओरखडे अजून नवेकोरे होते. प्लग कोरडे. पाणी स्वच्छ. हवा भरून दाब धरला, तर काटा हलला नाही.

मग तेलाच्या झाकणाला आणि खालच्या बोल्टला दस्तगीर मिस्त्रींनी लाखेची मोहर केली, आणि केतकीनं सहा दिवस ती गाडी स्वतः चालवली. पन्हाळा, वाठार, पुन्हा पन्हाळा. सातव्या दिवशी मोहर शाबूत होती आणि पावशेरापेक्षा जास्त तेल गायब होतं.

केतकी गाडीशेजारी उकिडवी बसून राहिली. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. चूक शोधताना ती कधी घाबरत नसे; चूक सापडत नाही म्हटल्यावर मात्र तिला भीती वाटली.

“सगळं तेल खाली काढू या,” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी बोल्ट सोडला. तेल काळपट, नेहमीसारखंच. मिस्त्रींनी दोन बोटं बुडवली, चोळली, नाकाजवळ नेली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“ताई, वास घे.”

केतकीनं घेतला. जळक्या वासाच्या आड दुसराच एक वास होता. आंबट. शिळ्या आंबिलीसारखा.

“तेल आंबलंय,” मिस्त्री म्हणाले.

“चाचा, तेल कसं आंबेल?”

“पीठ आंबतंय, ताक आंबतंय. तेल आंबल्यालं मी बी जन्मात बघितलं न्हाई. पर ह्यो वास दुसरा कशाचा सांग की मग.”

भांड्याच्या तळाशी वाटीभर पाणी साचलं होतं. पाणी आणि तेल यांच्या मध्ये एक तपकिरी, बुळबुळीत थर होता, दुधावरच्या सायीसारखा. केतकीनं तो चमच्यानं उचलला. तो ताणला गेला, पण तुटला नाही.

त्याच दुपारी तिनं चार काचेच्या बाटल्या धुऊन वाळवल्या. पहिलीत नुसतं नवं तेल. दुसरीत तेल आणि पाणी. तिसरीत तेल, पाणी आणि चमचाभर ती साय. चौथीत तेच सगळं, पण साय आधी तासभर कुकरमध्ये शिजवलेली. चारही बाटल्यांच्या तोंडांवर तिनं फुगे ताणून बसवले. शेजारच्या शेडमध्ये कोंबड्यांची अंडी उबवायचं यंत्र होतं, त्यात बाटल्या ठेवल्या आणि काटा पंचेचाळीस अंशांवर नेला.

तिसऱ्या दिवशी तिनं यंत्राचं दार उघडलं. तीन फुगे तसेच लोंबत होते. तिसऱ्या बाटलीवरचा फुगा टच्च फुगला होता आणि त्या बाटलीतलं तेल दोन बोटं खाली गेलं होतं.

शिजवलेली साय गप्प होती. न शिजवलेली श्वास घेत होती. म्हणजे त्या इंजिनात काहीतरी जिवंत होतं आणि ते तेल खात होतं. खाल्लेल्या तेलाचा वायू इंजिनाच्या श्वासनळीतून हवेत जात होता. डाग नाही, धूर नाही.

तेल खाणारा जीव तयार करणारा एकच माणूस केतकीला ठाऊक होता. तो तिचा धाकटा भाऊ होता.

*

सुमेधची प्रयोगशाळा पंचगंगेच्या काठावर होती. सोमवारी सकाळी केतकी पोचली तेव्हा खाली घाटावर मुलं पोहत होती. पाण्याखालची पायरी स्वच्छ दिसत होती. सुमेध आठ वर्षांचा असताना ह्याच नदीच्या पाण्यानं त्याला कावीळ झाली होती. रिक्षा मिळेना म्हणून केतकीनं त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता. पुढे तो जिवाणूशास्त्र शिकला आणि त्यानं ‘निवळी’ घडवला. गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळलं की पाणी निवळतं, त्यावरून त्यानं नाव दिलं होतं. हा जिवाणू पाण्यावरचा तेलकट मैला खायचा. पाच वर्षांत नदी बदलली होती. येत्या शुक्रवारी देशातल्या आणखी चौदा नद्यांमध्ये निवळी सोडायच्या करारावर सह्या व्हायच्या होत्या.

केतकीनं बाटली त्याच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. तो आधी हसला.

“ताई, इंजिनात शंभर अंश तापमान असतं. माझा निवळी साठ अंशांना मरतो.”

“जुनी इंजिनं तापायची. ही तापतच नाहीत. सात मिनिटं चालतात आणि बंद होतात. आतलं तेल पन्नासच्या वर जात नाही. इथेनॉल जळलं की भरपूर वाफ होते, ती बाहेर पडायच्या आत गार होते आणि तळाला पाणी साठतं. वर तेल, खाली पाणी, अंगाला सोसेल अशी ऊब. अजून काय हवं तुझ्या लेकराला?”

सुमेधचं हसू मावळलं. त्यानं सायीचा ठिपका काचेवर घेतला. निवळी कुठंही सापडला तर ओळखता यावा म्हणून त्यानं त्याच्यात एक खूण घालून ठेवली होती. निळ्या प्रकाशात तो हिरवा चमकायचा. त्यानं खोलीतले दिवे घालवले, निळा दिवा लावला आणि भिंगाला डोळा लावला.

केतकीनं त्याला बाजूला सारून आत पाहिलं. काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या ठिणग्यांचा सडा पडला होता.

“पण नदीतून बंद इंजिनात गेला कसा?” ती पुटपुटली.

सुमेधनं दिवे लावले. “नदीतून नाही गेला. तुझ्या गॅरेजात निवळीची टाकी आहे ना?”

जिल्ह्यातल्या प्रत्येक गॅरेजात होती. जुनं तेल गटारात जाऊ नये म्हणून दोन वर्षांपूर्वी सक्ती झाली होती. काढलेलं तेल त्या टाकीत सोडायचं, निवळी ते खाऊन टाकायचा.

“तेल गाडीतून कसं काढतेस?”

“पंपानं. पट्टीच्या नळीतून पाइप आत घालते, तेल ओढते, आणि…” केतकी थांबली.

आणि तोच पाइप टाकीत सोडायचा. मग पुसून पुढच्या गाडीत. यशोधराबाईंची वही तिच्या डोळ्यांपुढे आली. पहिले पाच हजार किलोमीटर पातळी जागची हलली नव्हती. नंतर तेल बदललं होतं, आणि त्याच पानापासून उतार सुरू झाला होता. ते तेल तिनंच बदललं होतं.

“नळी पुसतेस, पण बीजाणू पुसले जात नाहीत,” सुमेध म्हणाला. “उपासमार झाली की निवळी स्वतःभोवती कवच करून झोपतो. तेल आणि पाणी मिळालं की जागा होतो.”

“किती गॅरेजं असतील?”

“तीन जिल्ह्यांत सहाशे.” तो खुर्चीत बसला. “ताई, शुक्रवारपर्यंत थांब. चारच दिवस.”

“सुमेध, लोक त्या गाड्या चालवतायत.”

“तेल हळूहळू कमी होतं, एका दिवसात नाही. आत्ता बोभाटा झाला तर सह्या होणार नाहीत, आणि परत कधीच होणार नाहीत. त्या चौदा नद्यांच्या काठावर पण पोरं आहेत. सह्या झाल्या की सोमवारी मी स्वतः जाहीर करतो. शपथ. आणि…” त्यानं नजर चुकवली. “पहिलं नाव तुझ्याच गॅरेजचं येणार. पहिलं शटर तुझंच खाली येईल.”

हे तो धमकी म्हणून बोलला नव्हता, काळजीनंच बोलला होता. म्हणूनच केतकीला ते जास्त लागलं. तिनं बाटली उचलली. ती ‘हो’ म्हणाली नाही आणि ‘नाही’ही म्हणाली नाही.

“इंजिनं धुऊन नवं तेल घातलं तर?” तिनं दारातून विचारलं.

“महिनाभर काही होणार नाही,” सुमेध म्हणाला.

*

मंगळवारी तिनं गॅरेजच्या दोनशे बारा गिऱ्हाइकांना निरोप धाडला. तेलाची तपासणी करून देतो, लवकर या. कारण लिहिलं नाही. एकोणीस जण आले.

यशोधराबाईंची गाडी तिनं धुण्याचं औषध घालून आतून धुतली, नवं तेल भरलं. बाई दुपारी न्यायला आल्या. दवाखान्यातलं यंत्र बिघडल्यामुळे त्या दिवशीचं डायलिसिस झालं नव्हतं. गुरुवारी बोलावलं होतं.

“मग? काय निघालं?”

दस्तगीर मिस्त्री पलीकडे पाने पुसत होते. त्यांचे हात थांबले.

“व्हॉल्व्हचं सील होतं, बाई,” केतकी म्हणाली. “बदललंय.”

बाईंनी वहीत लिहिलं, ‘व्हॉल्व्ह सील बदलले’, आणि खाली रेघ मारली. “जीव भांड्यात पडला बघ,” म्हणून त्यांनी केतकीच्या पाठीवर हात ठेवला.

गाडी फाटकातून बाहेर पडल्यावर मिस्त्री जवळ आले. “तुझ्या अब्बांनी मला तीस वर्षांत खोटं सांगायला लावलं न्हाई,” एवढंच ते म्हणाले आणि हात धुवायला निघून गेले.

*

गुरुवारी सकाळी साडेदहाला फोन वाजला.

“केतकी, लाल दिवा लागलाय.” बाईंचा आवाज नेहमीसारखा ठाम होता, पण वेग जास्त होता. “किटलीसारखं चित्र आहे. आणि इंजिनातून टकटक येतेय.”

केतकीच्या हातातला पाना खाली पडला. “तेलाचा दाब गेलाय. कुठं आहात?”

“कागल सोडलं. रस्त्याच्या कडेला घेतलीय. आत्ताच इंजिन आपोआप बंद झालं. पट्टी बघितली मी. तेल काठोकाठ आहे!”

तेल भरलेलं आणि दाब नाही. केतकीला क्षणात उलगडलं. धुण्याच्या औषधानं ती साय भिंतींवरून सुटली होती आणि तळाच्या जाळीवर जाऊन बसली होती. तेल होतं, पण पंपाला ते ओढता येत नव्हतं. इंजिन आहे तसं ठेवलं असतं तर आणखी काही आठवडे चाललं असतं. तिच्या अर्ध्या इलाजानं ते दोन दिवसांवर आणलं होतं.

“बाई, काका कसे आहेत?”

“धाप लागलीय. पाय सुजलेत. शनिवारनंतर आजच चाललोय ना. अँब्युलन्सला फोन केला, पाऊण तास लागेल म्हणतात. बॅटरी नऊ टक्के दाखवतेय. आठच्या खाली गेली की इंजिन परत सुरू होईल. चालवू का नको?”

इंजिन पुन्हा सुरू झालं असतं तर दोन मिनिटांत जाम झालं असतं. पिस्टनचा दांडा तुटून बाहेर आला असता, धुराच्या तापलेल्या नळीवर तेल उडालं असतं. गाडीनं आग ओळखून वीज तोडली असती आणि महामार्गाच्या मधोमध ती दगडासारखी थांबली असती. आतल्या माणसाला चालता येत नव्हतं.

“इंजिनाला इंधनच मिळता कामा नये,” केतकी म्हणाली. तिनं किल्ली उचलली होती आणि ती पळत होती. “चाचा, तुमच्या फोनवर तुम्हालाही जोडते. इंधनपंपाचा फ्यूज सांगा बाईंना. मी निघाले.”

तिच्या गाडीतल्या स्पीकरवर दोघांचे आवाज येत राहिले. ती उचगावच्या पुलावर चढली.

“बाई, स्टेअरिंगच्या खाली उजव्या अंगाला झाकण हाय. वढून काढा.”

“काढलं. आत पंचवीस-तीस आहेत, बाबा.”

“पिवळं बघा. वीस आकडा लिव्हल्यालं.”

“पिवळे चार आहेत.”

मागे काकांच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. केतकीनं एका ट्रकला डावीकडून मागे टाकलं.

“झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असंल,” मिस्त्री म्हणाले.

“आहे. मुंगीएवढी अक्षरं आहेत. थांबा, यांचा चष्मा घेते… तिसरी ओळ, डावीकडून दुसरा. पण निघत नाहीय. नखं पुरत नाहीत.”

“पर्समध्ये नेलकटर हाय का? त्येच्यात धरा आणि सरळ वढा. हलवू नगा, वढा.”

केतकी मनात मोजत होती. एक, दोन, तीन… मग ‘टक्’ असा आवाज.

“निघाला!” बाई ओरडल्या. “आता?”

“आता निघा, बाई,” केतकी म्हणाली. “एसी बंद, खिडक्या उघड्या. पस्तीसच्या वर जाऊ नका. कडेनं या. पडद्यावर कितीही लाल अक्षरं येऊ देत, इंजिन लागणार नाही. मी समोरून येतेय.”

“सात टक्के,” थोड्या वेळानं बाईंचा आवाज आला. मग पाच. मग बराच वेळ काहीच नाही, फक्त बाजूनं जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न. “अहो, डोळे मिटू नका. माझ्याशी बोला. सतराचा पाढा म्हणा. म्हणा!” आणि एक क्षीण, तुटक पुरुषी आवाज पाढा म्हणू लागला. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस.

गोकुळ शिरगावच्या अलीकडे केतकीला ती गाडी दिसली. पडद्यावर एक टक्का होता. तिनं पुढच्या वळणावरून गाडी मागे घातली, कडेला लावली, आणि दोघींनी मिळून काकांना उचललं. त्यांचे ओठ निळसर झाले होते. ते सत्तर किलोंचे असतील, पण केतकीला वजन जाणवलं नाही. एका ट्रकवाल्यानं आपणहून मागे गाडी आडवी लावून वाहतूक थांबवली.

अकरा वाजून बत्तीस मिनिटांनी काकांना यंत्राला जोडलं.

*

डॉक्टर बाहेर येऊन ‘आता भीती नाही’ म्हणाले, तेव्हा यशोधराबाई बाकावर बसल्या. केतकीनं पाणी आणून दिलं. बाईंनी ते संपवलं, पदरानं तोंड पुसलं.

“केतकी, व्हॉल्व्हचं सील नव्हतं ना ते?”

“नाही, बाई.”

मग केतकीनं सांगितलं. फुगा, हिरव्या ठिणग्या, तिची नळी, भावाचे चार दिवस. काहीही गाळलं नाही. सांगताना ती समोरच्या फरशीकडे बघत होती. आता त्या ओरडतील, निदान उठून तरी जातील, असं तिला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

बाई जागच्या हलल्या नाहीत. “पस्तीस वर्षं शिकवलं मी. खोटं बोललेल्या पोराला कधी मारलं नाही. वर्गापुढे उभं करायची आणि त्यालाच खरं काय ते सांगायला लावायची. रडायची पोरं. पण नंतर शाळा बुडवत नसत.”

केतकीनं फोन काढला. दवाखान्याच्या त्याच बाकावर बसून तिनं लिहिलं. काय होतंय, कशामुळे होतंय, ते आपल्या गॅरेजमधून कसं पसरलं, आणि इंजिन सुरू न करता गाडी उभी कशी ठेवायची. फ्यूज कसा काढायचा तेही लिहिलं. खाली स्वतःचं नाव घातलं. दोनशे बारा गिऱ्हाइकांना पाठवलं, जिल्ह्यातल्या गॅरेजवाल्यांच्या गटावर पाठवलं, परिवहन कार्यालयाला पाठवलं. मग तिनं सुमेधला फोन लावला.

पलीकडे त्यानं सगळं ऐकून घेतलं. “पाठवलंस?”

“पाठवलं.”

“मला विचारलं नाहीस.”

“विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. आणि सोमवारसारखंच मी परत ऐकलं असतं.”

मग त्यानं फोन ठेवला.

*

शुक्रवारी सह्या झाल्या नाहीत. दोन आठवड्यांत तीन जिल्ह्यांतून एक हजार नऊशे इंजिनं तसली निघाली. त्यांत रुग्णवाहिका होत्या, शाळेच्या गाड्या होत्या. अकरा इंजिनं वाटेतच जाम झाली. पुण्याच्या वाटेवर एका गाडीला आग लागली, पण आतली माणसं निरोप वाचून सावध होती आणि उड्या टाकून वाचली. सगळ्या टाक्यांना टाळं लागलं. केतकीच्या गॅरेजलाही लागलं, पाच महिने. वसाहतीत काही जण तिला बघून तोंड फिरवायचे. दस्तगीर मिस्त्री मात्र रोज नऊला येऊन बंद शटरपुढे खुर्ची टाकून बसायचे, आणि विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला फ्यूज कसा काढायचा ते दाखवायचे.

सुमेधचं आणि तिचं बोलणं तुटलं. नदीतल्या निवळीला कुणी हात लावला नाही, तो आपलं काम करत राहिला. पण सुमेधच्या प्रयोगशाळेतली अर्धी माणसं गेली. दिवाळीला तो भाऊबीजेला आला नाही. केतकीनं ताट वाढून ठेवलं, संध्याकाळी झाकून ठेवलं, आणि त्याबद्दल कुणापाशी बोलली नाही.

माघ महिन्यात एका सकाळी तो गॅरेजच्या दारात उभा होता. वाळला होता. हातात थर्मास होता, आत बर्फात बसवलेली एक चपटी कुपी.

“नवा केलाय,” तो आत न येता म्हणाला. “ह्याला कवच करता येत नाही. आणि बेचाळीस अंशांच्या वर हा जगत नाही.”

“असं तू म्हणतोस.”

“असं मी म्हणतो.” तो कसनुसा हसला. “म्हणून आलो. माझ्या प्रयोगशाळेत इंजिनं नाहीत, ताई. काचेच्या नळ्या आहेत. मला खरी इंजिनं हवीत, खरं घाण तेल हवंय. आणि हा आत टाकून त्याच्या पाठीमागे हात धुऊन लागणारं माणूस हवंय.”

केतकीनं कुपी हातात घेतली आणि उजेडात धरली. आतलं पाणी नुसतं धुरकट दिसत होतं.

“दहा इंजिनं लावते,” ती म्हणाली. “सहा महिने चालवणार. रोज मोजणार. जे निघेल ते त्याच दिवशी फळ्यावर लिहून बाहेर, रस्त्यावरून दिसेल असं लावणार. चांगलं असो नाहीतर वाईट. मग तू ते पुसायला सांगायचं नाहीस.”

सुमेधनं चपला दाराशी काढल्या, बाह्या दुमडल्या आणि विचारलं, “फळा कुठं लावायचा?”